पायाकडची दोरी

—कोट काढ आधी, इशबेल, आणि बस, अशी दारात उभी राहून बोलू नकोस. ते कार्ड राहू दे तुझ्याच हातात, दिसलं मला. मोतीबिंदू काढल्यापासून डोळे चांगले आहेत माझे. शवपेटीचं चित्र काढलंय, भोवती आठ आकडे, आठ दोऱ्या, आणि दोनच्या आकड्यापुढे माझं नाव घातलंय — वॅटी रॉरिसन. पायाकडची दोरी. डोक्याकडची एक नंबरची तुझी, ते बरोबरच आहे, मुलगी आहेस क्विंटिनची, तूच धरायची. पण पायाकडची माझ्याकडे कशाला? तुझा काका आहे की अजून हिंडता-फिरता. — काय म्हणतेस? क्विंटिननंच सांगून ठेवलं? कधी? — इस्पितळात. शुद्धीत होता म्हणजे. ... हं. मला जरा वेळ दे पोरी. मी हळू बोलतो, तुला ठाऊक आहे, शाळेत फार टिकलो नाही, एकेक शब्द हुडकून आणावा लागतो. तुझा बाप म्हणायचा, वॅट्याला सकाळी विचारावं हवा कशी आहे, डबा उघडेपर्यंत उत्तर येतं. खरंच होतं ते.

तर उद्या अकरा वाजता त्याला खाली सोडताना ती दोरी मी धरायची की नाही, ते तू ठरव. मी तुला सांगणार होतो की कंबर धरलीय, दुसऱ्या कुणाला दे. सकाळपासून तेच घोकत होतो, कंबर धरलीय, कंबर धरलीय. पण तू आलीस आणि बसलीस ती अगदी त्याच्यासारखीच, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि आता ते कंबरेचं तोंडातून निघत नाही. कंबर ठणठणीत आहे माझी.

गडगा कसा रचतात ते तुला सांगायला नको, गडग्यांवर चढूनच तू मोठी झालीस. एका अंगाला एक गडी, दुसऱ्या अंगाला दुसरा, दोन्ही अंगं सारखी वर आणायची, मध्ये बारीक खडी ठासायची. चिखल नाही, चुना नाही. छत्तीस वर्षं तो पलीकडे आणि मी अलीकडे. माझ्या बायकोचं तोंड मी पाहिलं नसेल इतकं त्याचं पाहिलंय — ती म्हणायचीही तसं, त्याच्याशीच लग्न करायचं होतंस, स्वयंपाकाचं तेवढं बघितलं असतंस. आणि छत्तीस वर्षांत भांडण म्हणशील तर एकदाच. त्या वर्षी. आपल्या देशानं वेगळं व्हायचं का इंग्लंडबरोबर राहायचं, ते मतदान झालं त्या वर्षी. तुला आठवतं ना, दुसरं बोलणंच नव्हतं गावात. खाटकाच्या दुकानात लोक आधी खिडकीतला कागद बघायचे, ‘हो’ आहे का ‘नाही’, मग आत जायचे. हॉलमधल्या सभेला तू तिसऱ्या रांगेत होतीस, कोटावर ‘हो’चा बिल्ला लावून. तो शहरातला गृहस्थ कागद वाचत होता, तेलाचं किती, कर्जाचं किती, पौंड राहील का जाईल, आणि तुझा बाप उठला. आयुष्यात कधी सभेत बोलला नव्हता. म्हणाला, छप्पर गळत असेल तर ते आमचं गळू दे, शिडी आम्ही लावू, तीनशे वर्षं दुसऱ्यानं शिडी पाठवायची वाट बघतोय. मागून कुणीतरी ओरडलं, क्विंटिन, पेन्शन कोण देणार रे तुला, मेंढ्या? तर तो म्हणाला, आत्ता कोण देतंय? मेंढ्याच, फक्त लंडनच्या. केवढे हसले लोक. ‘नाही’वालेही हसले. मीही हसलो, मी ‘नाही’वाला असून.

हो, ते त्याला ठाऊक होतं. मी लपवलं नव्हतं — ते नव्हतं लपवलं. माझी लोर्ना कार्लाइलला दिली, पाऊण तासाची वाट, पण ते इंग्लंड. पबमध्ये बोलायचे, उद्या मध्ये फाटक बसेल, कागद तपासतील. फाटक कुणी बसवत नाही, मला आता कळतं. पण तेव्हा बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, रविवारी लोर्ना यायची, सूप करून ठेवायची, आणि मला वाटायचं, ह्या पोरीच्या आणि माझ्या मध्ये काही नको. एवढंच माझं राजकारण. तुझ्या बापाला सांगितलं तर तो म्हणाला, वॅट्या, तुझ्या मुलीच्या एका दारासाठी तू सगळ्या देशाला उंबऱ्यावर बसवणार? मी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला म्हटलं — हो. त्यावर तो जो गप्प झाला. दहा दिवस. तो त्याच्या अंगाला रचतोय, मी माझ्या, कुणी कुणाकडे बघत नाही, खडी घालायची ती ज्यानं त्यानं वाटेल तशी घातलेली. दहाव्या दिवशी शेताची मालकीण वर आली, उभी राहून बघत राहिली, आणि म्हणाली, ह्या गडग्याला दिवस गेलेत का? पोट आलं होतं त्याला, अगं, मधोमध, चांगलं हातभर. पाच वाव लांबीचा पाडावा लागला. लाज वाटली दोघांनाही. आणि पाडता पाडता क्विंटिनला हसू फुटलं, तो खाली बसला, डोळे पुसले, आणि म्हणाला, वॅट्या, ऐक. तुझं एक नाही, माझं एक हो. दोन्ही पेटीत पडली की उरलं काय? काहीच नाही. मग त्या काहीच नाहीसाठी आपण चांगला गडगा पाडायचा? अठरा तारखेला दोघांनी इथंच कामाला यायचं, खाली शाळेकडे उतरायचं नाही, मतं पडली काय नि राहिली काय, सारखंच. असं म्हणून शब्द पक्का करायला हातावर थुंकला आणि पाडलेल्या दगडांवरून हात पुढे केला.

तेव्हा दहा सप्टेंबर होता. माझं मत गेलं होतं, इशबेल. एक तारखेला टपालानं गेलं होतं.

थांब, सांगतो. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सतरा मिळाली होती, म्हणून लोर्नानं उन्हाळ्यातच टपालाचा अर्ज भरून दिला, म्हणाली, बाबा, डोळ्याला पट्टी बांधून शाळेत कुठे धडपडत जाता. पुढे ती तारीख लांबली, पण मताचा कागद आलेला होता, ह्याच टेबलाशी बसून मी फुली मारली, आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आलो. तर त्यानं हात पुढे केला तेव्हा मला फक्त एवढं म्हणायचं होतं की, क्विंटिन, माझं झालं. तीन शब्द. आणि मी ते हुडकत होतो बघ, खरंच हुडकत होतो, आणि तोवर माझा हात त्याच्या हातात गेलासुद्धा. दहा दिवसांनी माणूस हसला होता. मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या झाला, परवा झाला. आठ दिवस होते. मला हळू बोलायला लागतं, पण तीन शब्दांना आठ दिवस लागत नाहीत.

अठराला धुकं होतं, दुपारी वर गेलं, आणि खालची शाळा दिसायला लागली. गाड्या येतायत, जातायत, बायका पोरांना कडेवर घेऊन, म्हातारे काठ्या टेकत. तुझा बाप दर दगडाला तिकडे बघायचा. तीन वाजता तो काम टाकून बसला, म्हणाला, मी सदुसष्टचा झालो वॅट्या, असं पुन्हा येणार नाही. मी म्हटलं, हं. एवढंच म्हटलं मी. मग पाच वाजता तू आलीस, गाडी खाली ठेवून धावत वर, तोंड लाल झालेलं. बाबा, चला, अजून वेळ आहे, मी सोडते आणि आणते. तो म्हणाला, शब्द दिलाय. तू म्हणालीस, कुणाला? त्यानं माझ्याकडे हात केला, असा, अंगठ्यानं. आणि तू त्याला म्हणालीस — नाही, म्हणालीस तू, मी दोन हात अंतरावर उभा होतो — बिनकण्याचा म्हणालीस. आजोबा असते तर थुंकले असते म्हणालीस. तो हातातला दगड फिरवत राहिला, त्याची कुठली बाजू बसेल ते बघत. माझ्या हातात हातोडी होती. दोन शब्द पुरले असते आता — जा, क्विंटिन. कारण नंतर सांगितलं असतं. तू त्याला हाताला धरून नेलं असतंस, त्यानं त्याची फुली मारली असती, आणि तू वर्षभर त्याच्याशी अबोला धरून बसली नसतीस. वर्ष ना? — सव्वा. नाताळला ताट वाढून वाट बघायचा तो, तुला ठाऊक नसेल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं सांगितलं, राहिलो एकत्र. मला वाटलं आज येणार नाही हा. आठला हजर. डोळे सुजलेले. डबा ठेवला, टोपी काढून ठेवली, आणि मला म्हणाला, चला, आपण दोघांनी तरी ह्यात काही बिघडवलं नाही. — पुढे दोन वर्षांनी ते युरोपचं मतदान आलं तेव्हा आम्ही दोघं मिळून गेलो, युरोपबरोबर राहायचं म्हणून, एकच फुली दोघांची, आणि हरलो. तो हसत होता रस्त्याने, वॅट्या, आपण एकत्र मत दिलं की देश उलटाच जातो. मी त्याच्या बाजूनं चालत होतो आणि मला वाटत होतं, आता सांग. रस्ता रिकामा आहे. सांग.

मला जीभ नाही, मी हळू, मला शरम वाटली — असंच मी मला समजावत आलो. शरम होती, खोटं नाही. पण ती दहा तारखेची. अठराला तू चढण चढून येत होतीस तेव्हा शरम नव्हती. तेव्हा मी सकाळपासून गाड्या मोजत होतो. झेंडेवाल्या गाड्या, तुमच्या. लोक म्हणत होते अटीतटीचं आहे, एकेका मतावर जाईल. तू दिसलीस आणि मनात आलं, ही त्याला नेणार, त्यांचं एक वाढणार. आणि तो म्हणाला, शब्द दिलाय — तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. ...

हे नव्हतं सांगायचं मला. पहिलं तेवढं सांगायचं होतं.

आता तू असं बघू नकोस, काहीतरी बोल. शिवी दे, तुला येतात, तुझ्या बापाकडून शिकलीस. — त्याला कळलं होतं का? नाही. ... मला ठाऊक नाही, पोरी. त्यानं कधी विचारलं नाही. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी ‘कळलं असेल’ म्हणणार नाही. त्याला कळलं नाही असंच धर. तो शब्दाला जागला आणि तू त्याला जे बोललीस ते त्यानं माझ्यापायी ऐकून घेतलं, असंच धर. — हो, खरंय. तू म्हणतेस ते खरंय. उद्या त्याला पुरायचं आणि आज मी हे तुझ्या ओटीत टाकतोय. त्याला सांगायची हिंमत झाली नाही, तुला सांगितलं. आता तुला ते घेऊन तिथं उभं राहायचंय. मला त्याचा विचारच आला नाही. मला फक्त कंबरेचं खोटं बोलायचं नव्हतं.

पेन खिडकीत आहे, बाटलीमागे. खोड माझं नाव, तुझ्या काकाचं घाल, वाईट नाही वाटणार मला. मी मागे उभा राहीन, फाटकाशी, येऊ दिलंस तर. —

काय? कार्ड मला कशाला देतेस? नाही, इशबेल, तू नीट ऐकलं नाहीस. — ऐकलंस. — म्हणजे त्यानं सांगितलंय म्हणून. माझ्यासाठी नव्हे. ते मला कळतं, ते दोनदा सांगू नकोस. त्याच्या तोंडून गेलंय, मग तसंच व्हायचं. ... बरं. धरतो. पण खाली सोडताना मी दोरीकडेच बघेन, चालेल ना? तू बरोबर समोर असशील, तुझ्याकडे बघणं मला — — नाही चालणार. — वर बघायचं. तुझ्याकडे. पेटी टेकेपर्यंत.

...

बरं. जा तू आता. चहा राहू दे तसाच. जा, पोरी.