दोन दहाची बस

(न्यू जर्सीतल्या एका राखीव दलदलीवरची फळ्यांची वाट. ऑक्टोबर १९९६, मंगळवारची सकाळ. अडुसष्ट वर्षांचे राजाराम काका आणि त्यांच्या मित्राची, दिवंगत गजभिये यांची, मुलगी उपासना.)

राजाराम: थांब, थांब. इतक्या भराभर नाही. तुझ्या पायांनी मोजून काय उपयोग? ही वाट सत्तरीच्या माणसांसाठी आहे.

उपासना: किती मिनिटं झाली?

राजाराम: बस स्टॉपपासून फाटकापर्यंत सहा. फाटकापासून इथवर नऊ. लिही. चढ नाही, पायऱ्या नाहीत, कठडा एकाच बाजूला.

उपासना: डावीकडे.

राजाराम: जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. गजभिये तसं दोन्ही लिहायचे. नाहीतर म्हणायचे, म्हातारी माणसं परतताना कठडा शोधत उभी राहतात.

उपासना: बाकीच्या आठ वाटा बाबांनी वहीत पूर्ण लिहून ठेवल्यात. ही नववीच अर्धी आहे. राकेशनं दोनदा फोन केला मला. रविवारी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या वाटांची पुस्तिका वाटायची, तर ही वाट घ्यायची की गाळायची ते सांग म्हणाला.

राजाराम: माझाच मुलगा, पण सांगतो, त्याला भारी घाई. ऑफिसातलं फोटोकॉपी मशीन त्याच्या हाताशी, म्हणून आवाज मोठा. आणि तू काय सांगितलंस?

उपासना: बघून सांगते म्हटलं.

राजाराम: आणि बघायला बसनं आलीस! अकरा वर्षं झाली तुला या देशात. बसमध्ये कधी चढली होतीस?

उपासना: नाही. गाडीनं येऊन तपासलेली वाट बाबा धरत नसत ना. वहीच्या पहिल्याच पानावर आहे: ‘ज्यांना ड्राइव्ह करता येत नाही अशा आईवडिलांसाठी.’

राजाराम: आमच्यासारख्यांसाठी. मुलं सकाळी आठला गाड्या काढतात, मग संध्याकाळपर्यंत आम्ही, टीव्ही आणि खिडकीबाहेरचं गवत. तुझे बाबा एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. इथली टाइमटेबलं त्यांनी अशी काही वाचली, की मी म्हटलं, गजभिये, आता तुम्ही ट्रेंटन डेपोच चालवायला घ्या.

उपासना: हे काय आहे? या पेल्यासारख्या पानांत पाणी साठलंय.

राजाराम: घटपर्णी. किडे खाते. असल्या झाडांची ओळखही गजभिये करून द्यायचे, जणू वधूवरांचा मेळावाच. आणि पायाखाली जमीन नाही बरं का. शेवाळ आहे. वीस फूट.

उपासना: माहीत आहे. पीट. पाण्यात हवा नसते, त्यामुळे काही धड कुजत नाही. वर्षानुवर्षं थर चढत जातात. त्या संध्याकाळी बाबा मला तेच सांगत होते. एक माणूस फळीवर जोरानं उडी मारतो आणि दहा हातांवरचं झाड हलतं, म्हणाले.

राजाराम: बोलले होते का तुझ्याशी? त्या संध्याकाळी?

उपासना: बोलले. चहा घेतला. दमलोय म्हणाले आणि पडले. सकाळी उठलेच नाहीत. तुम्हाला माहीत आहे हे, काका.

राजाराम: हो. माहीत आहे.

उपासना: बसू या का? पुढे बाक दिसतोय.

राजाराम: तिथं नको. जरा पुढे जाऊ.

उपासना: तुमच्या पायांसाठी म्हणतेय. आणि बाक कुठे आहेत तेही लिहायचंय.

राजाराम: लिही ना. सीडरच्या दोन झाडांमध्ये एक बाक. सावली. बसलो नाही तरी लिहिता येतं.

उपासना: काका, मला एक विचारायचंय. त्यासाठीच तुम्हाला सोबत घेतलं मी. नववीच्या पानावर बाबांनी लिहिलंय, ‘पोचलो दहा पन्नास. परत बारा दहा.’ आणि मग बारा दहावर काट मारून खाली, ‘परत दोन दहा. वेळेवर.’ अक्षर वाकडंतिकडं आहे. चालत्या बसमध्ये लिहिलं असणार.

राजाराम: बसमध्येच लिहिलं.

उपासना: ही वाट जाऊन येऊन चाळीस मिनिटांची. बारा दहाची बस तुम्हाला आरामात मिळाली असती. बाबांची बस उभ्या आयुष्यात चुकली नाही. मग दोन तास तुम्ही इथे काय करत होतात?

राजाराम: ऊन होतं गं. जुलै महिना. जरा निवांत बसलो.

उपासना: काका.

राजाराम: बस तू. बस या बाकावर. मी उभाच राहतो.

उपासना: सांगा.

राजाराम: इथंच. तू बसलीस तिथं. बसले आणि बोलायचे थांबले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, गॅस धरलाय. कपाळावर घाम होता. डावा हात असा उजव्या हातानं धरलेला.

उपासना: तुम्ही सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतात.

राजाराम: तीस वर्षं.

उपासना: म्हणजे तुम्हाला कळलं होतं.

राजाराम: कळलं होतं.

उपासना: गॅस नाही, हे कळलं होतं.

राजाराम: घाम बघताक्षणी कळलं. फाटकाशी माहिती केंद्र आहे, त्याच्या भिंतीवर फोन आहे. त्यांना धरून तिथवर आणलं. पाऊण तास लागला. बारा दहाची बस आमच्यासमोरून गेली. तुझ्या लॅबचा नंबर मला पाठ होता. क्वार्टरचं नाणं टाकलं, नंबर फिरवला. त्यांनी हात लांब करून हूक खाली दाबला. फोन कट.

उपासना: बाबांनी?

राजाराम: म्हणाले, तिचं आज प्रेझेंटेशन आहे. तीन आठवडे तयारी करतेय. ती कामाची माणसं सोडून एवढ्या लांब येणार, अँब्युलन्सचा तमाशा होणार. दोन दहाची बस आहे, त्या बसनं जाऊ. दुखणं उतरतंय आता.

उपासना: नाइन वन वनला, अँब्युलन्सच्या नंबरला, क्वार्टर लागत नाही, काका. तो फोन फुकट असतो. आत काउंटरवर बाई असते. तिला नुसतं बाबांकडे बोट करून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

राजाराम: आज माहीत आहे.

उपासना: मग तुम्ही ऐकलंत कसं त्यांचं?

राजाराम: भांडलो. सात वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो केलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा म्हणालो, ‘अरे, ऐक माझं. अरे, मरशील.’ ते हसले. म्हणाले, ‘बरं वाटलं. पण बस येऊ दे.’ मग आम्ही बस स्टॉपवर बसलो. दुखणं खरंच उतरलं होतं थोडं. मी मनाला समजावलं, बघ, उतरलं. बस मिनिटावर आली. त्यांनी वही काढली आणि लिहिलं.

उपासना: माझं प्रेझेंटेशन दीडला संपलं.

राजाराम: उपासना...

उपासना: दीडला. मग मी कॅफेटेरियात गेले आणि सूप घेतलं. खिडकीशी एकटीच बसले होते. दोन वाजता मला काही म्हणजे काही काम नव्हतं.

राजाराम: त्यांना कसं कळणार ते?

उपासना: फोन लागला असता तर कळलं असतं. तीन महिने काका. तीन महिने तुम्ही आमच्याकडे येत होतात. आईच्या हातचा चहा घेत होतात.

राजाराम: रोज सांगायलाच यायचो. जाईबाई दार उघडायच्या आणि विचारायच्या, ‘साखर किती टाकू?’ सात वर्षं त्यांना माझी साखर माहीत आहे. तरी विचारायच्या. कोणाला तरी काही विचारायचं म्हणून. मग मी साखर सांगायचो, चहा प्यायचो आणि निघायचो.

उपासना: आईला माहीत नाही?

राजाराम: नाही. कुणालाच नाही. राकेशलाही नाही. तूच पहिली. गाळ ही वाट. मी तेच म्हणत होतो राकेशला, आठ पुरेत.

उपासना: तुम्हीच म्हणत होतात गाळा?

राजाराम: हो. कोणी इथं येऊन या बाकावर बसावं, असं मला वाटत नाही.

उपासना: मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणणार नाही. खोटं होईल ते.

राजाराम: मी मागितली नाही. मागायला तोंड नाही.

उपासना: पण त्यांनी हूक दाबला, ते तुम्ही नव्हतात. तेवढं मला समजतंय. आमच्या घरात सगळे तसेच. मी शिकायला निघाले तेव्हा बाबांना टायफॉइड होता. मला चार महिन्यांनी पत्रातून कळलं. माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

राजाराम: आमची पिढीच तशी गं. आम्हाला वाटतं, पोरं मोठ्या जागी पोचलीत, हाक मारायची नाही.

उपासना: बसा, काका. मघापासून उभे आहात.

राजाराम: इथं?

उपासना: इथेच. दुसरा बाक नाही ना वाटेवर?

राजाराम: नाही. एकच.

उपासना: मग हाही लिहायला हवा. सावलीतला एकुलता एक बाक. आईच्या गुडघ्यांना इथपर्यंत जमेल?

राजाराम: जाईबाईंना? हळू हळू आल्या तर जमेल. गजभियेंनी पेन्सिलनं तसं लिहिलंही होतं, ‘सोपी.’ जाईबाईंना दाखवायचं होतं हे सगळं. पुढच्या वेळी त्यांना आणू म्हणत होते.

उपासना: आधी मला तिला सांगावं लागेल.

राजाराम: मी येतो बरोबर. मीच सांगतो. तू नुसती बस तिथं.

उपासना: आज संध्याकाळी.

राजाराम: आज संध्याकाळी. ...म्हणजे वाट घ्यायची?

उपासना: घ्यायची. वही तुम्ही धरा. माझं मराठी अक्षर लोकांना वाचता येणार नाही. लिहा, ‘फाटकाजवळ माहिती केंद्र. भिंतीवर फोन. नऊ, एक, एक. नाणं लागत नाही. इंग्रजी येत नसलं तरी नुसतं हेल्प म्हणावं, पत्ता त्यांना आपोआप कळतो.’

राजाराम: ‘...आपोआप कळतो.’ पुढे?

उपासना: ‘छातीत दुखलं तर बसची वाट बघू नये.’

राजाराम: हं.

उपासना: ‘मुलांना कामावर फोन करावा. कितीही मोठं काम असलं तरी करावा. मुलं येतात.’

राजाराम: हे इथं, नवव्या वाटेखाली लिहू?

उपासना: नाही. पहिल्या वाटेच्या आधी.