फर्मा जास्त आवळलाय

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मंगळवार. सदर भागातलं आमच्या पेपरचं ऑफिस, दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. ही झाली बातमी... आणि आता तुम्हीच सांगा, एक्केचाळीस वर्षं याच टेबलावर बसलेल्या माणसाला त्यानंच लिहिलेलं कॉम्प्युटरवर दिसू नये? अहो, अक्षरं होती की मुंग्यांचे पाय! काना तुटका, मात्रा धुरकट, आणि डोक्यावरची रेघ? इथे जाड, पुढे बारीक, त्याच्यापुढे गायब! निवडणुकीआधी घाईघाईत मारलेला रस्त्यावरचा पांढरा पट्टा परवडला!

झालं असं, की दिवाळीनंतर मालकांनी सगळे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या नव्या सिस्टमवर नेले. हर्षित म्हणून आमचा कॉम्प्युटरवाला आहे, दोन लेकरांचा बाप, राहतो कळमन्याला. तो मला समजावतो, "काका, हे फुकट नाही, मुक्त आहे!" म्हटलं, बाबा, सिस्टम मुक्त आहे तर अक्षरं तेवढी कैदेत काहून टाकली? मी काय जास्त मागितलं? अक्षर दिसू द्या, एवढंच!

बरं, नाही दिसलं तर काय होतं, म्हणाल. सांगतो! आमच्या संपादक अदितीबाई. माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी लहान, बोलायला गोड, म्हणून जास्त भीती. त्याच मंगळवारी त्या आल्या आणि म्हणाल्या, "सर, दोन आठवडे तुमचा कॉलम उशिरा येतोय. या शनिवारीही नाही जमलं, तर आपण... थोडी विश्रांती घ्यायची का?" विश्रांती! कॉलम बंद करायला हल्ली हा शब्द आहे! अहो, हिवाळी अधिवेशनात एका दिवसात एकोणीस मोर्चे पायी केलेला माणूस मी, लाठी खाऊन संध्याकाळी त्याच हातानं बातमी लिहिलेला... आणि मला घरी कोण बसवणार? तर डोक्यावरची रेघ!

तसाच गेलो सीताबर्डीला, तासाभरात नवा चष्मा केला. बायको, आमची सुमती, म्हणाली, "नंबर डोळ्यांचा नाही, डोक्याचा वाढलाय तुमचा." खरंच निघालं! नव्या चष्म्यातून ती घाणेरडी अक्षरं आणखी स्पष्ट घाणेरडी दिसायला लागली. मग हर्षितनं अक्षरं मोठी केली. इतकी मोठी, की 'मुख्यमंत्री' शब्दातलं 'मुख्य' आत आणि 'मंत्री' बाहेर. मग दुसरा फाँट लावला, तर माझा शोकलेख थेट लग्नपत्रिका! आग्रहाचं आमंत्रण तेवढं लिहायचं राहिलं होतं. अरे, मी मागितलं काय? अक्षर दिसू द्या!

आणि तुम्हाला सांगतो, अशा वेळी माणसाला जुनं आठवतं. याच इमारतीत खाली आमचं कंपोजिंग होतं. शिशाचे खिळे, एकेक अक्षर हातानं उचलून जुळवायचं. शाईचा वास, रॉकेलचा वास, आणि त्या वासात उभे भैयाजी, आमचे फोरमन. शिकले सातवीपर्यंत, पण अक्षर जरा कलंडलं तर दारातून ओरडायचे. खिळे जुळवताना ओळ उलटी असते ना, तर हे गृहस्थ उलटं असं वाचायचे, की आम्ही बीए झालेले सुलट्यात अडखळावं! आता चौऱ्याऐंशीचे आहेत. केला फोन. बुधवारी ऑटोनं आले, दोन मजले चढले, धापा टाकत खुर्चीत बसले.

"काय गा मुकुंदा, रडून काहून राहिला?"

दाखवलं. पाहिलं त्यांनी. म्हणाले, "उलटं कर."

"काय उलटं?"

"हा टीव्ही उलटा कर ना! सुलटं ठेवलं की माणूस वाचत बसते. अक्षर पाहाचं असंन तर उलटं पाहा लागते."

झालं! मी आणि हर्षितनं स्क्रीन उचलली, डोक्यावर उभी केली, आणि नेमक्या तेव्हाच अदितीबाई दारात! "सर... सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, हो, विश्रांती घेतोय!

भैयाजींनी हात लांब केला, एक डोळा मिटला, पूर्वी ओलं प्रूफ धरायचे तसा. आणि म्हणाले, "फर्मा जास्त आवळला गा."

फर्मा म्हणजे जुळवलेलं पूर्ण पान, लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून घट्ट केलेलं. जास्त आवळलं की खिळे उचकतात, मग एक अक्षर काळं उठतं, दुसरं फिकं. आता कॉम्प्युटरमध्ये कुठली आली पाचर? मी हसणार होतो... पण हर्षित हसला नाही. खाली बसला, कुठल्याशा सेटिंगमध्ये शिरला आणि ओरडला, "काका! याच्यात हिंटिंग म्हणून असते, अक्षराले ठिपक्यांच्या चौकटीत दाबून बसवते. फुल्लवर होतं ना!" केलं त्यानं कमी. आणि काय सांगू... रेघ सरळ धावली हो, या टोकापासून त्या टोकापर्यंत! काना उभा राहिला, मात्रा जागेवर बसली. मी उलट्या स्क्रीनवर पूर्ण लेख वाचून काढला.

भैयाजी मात्र उठेनात. म्हणाले, "आता आपलं अक्षर लाव."

आपलं म्हणजे आमच्या पेपरचं! ठसठशीत काना, 'ळ' कसा पोटभर जेवलेला. शहरात कुठंही पुडी बांधलेली असो, कागद पाहून लोक म्हणायचे, हा तुमचा पेपर. हर्षितनं साठ फाँट दाखवले. भैयाजी प्रत्येकाला मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "आपल्या खिळ्यांच्या चौदा पेट्या होत्या. प्रेस बंद झाली तेव्हा म्या सोताच्या हातानं बांधल्या. जपून ठेवू म्हणे वर माळ्यावर."

हर्षित म्हणाला, "पेट्या भेटल्या तर एकेका खिळ्याचा फोटो काढतो, अन् आपला फाँट बनवतो. मुक्त सिस्टम आहे बाबा, कोणाले विचारा लागत नाही." आणि म्हातारा रडला हो. चाळीस वर्षांत मी त्याला फक्त ओरडताना पाहिलं होतं.

कॉलम शनिवारी वेळेवर गेला. त्यात एकच प्रश्न विचारला, पेट्या कुठे आहेत? मालक म्हणतात, "मॅनेजरला विचारा." मॅनेजर म्हणतो, "ते माझ्या आधीचं." त्याच्या आधीचा म्हणतो, "कोणत्या पेट्या?" आज सहावा शनिवार. दर शनिवारी सकाळी भैयाजींचा फोन येतो, "दिसलं काय गा?" मी म्हणतो, "नाही अजून." काय जास्त मागितलं त्या माणसानं? अक्षर दिसू द्या, एवढंच ना!

चौदा पेट्या खालून निघाल्या, हे भैयाजींनी पाहिलं. माळ्यावर एकही पोचली नाही, हे मी शिडी लावून पाहिलं. मधे फक्त एक जिना आहे... पायऱ्या एक्केचाळीस. मोजल्यात मी.