मोठ्या थडग्याच्या अलीकडे

(चर्चच्या मागचं आवार. जुन्या दगडी थडग्यांभोवती नवंकोरं लोखंडी कुंपण. कुंपणापाशी तिघं: पुरातत्त्व खात्याच्या अधिकारी बाई, एक म्हातारे टेलर आणि त्यांची लेक.)

टेलर : मी काही आजच आडवा होतोय असं नाही, बाई. नुसतं विचारून ठेवतोय.

अधिकारी : काका, कितीदा विचारलंत तरी उत्तर तेच. या कुंपणाच्या आत आता कुदळ लागणार नाही. कुणाचीच.

टेलर : अहो, पण माझी बायको आत आहे! ते बघा, त्या मोठ्या थडग्याच्या पलीकडे. लहानसा पांढरा दगड.

अधिकारी : त्यांना ठेवलं तेव्हा ही थडगी संरक्षित नव्हती. आता आहेत. दिसतात भक्कम, पण पाया नाही, नुसती वरच्या मातीवर टेकलीत. शेजारी खड्डा खणला की एका अंगाला कलतात. मोठ्या थडग्याच्या कोपऱ्याला ती चीर दिसते ना? मला तर वाटतं, तुमच्या पत्नीच्या वेळीच गेली असावी.

टेलर : घ्या! जिवंतपणी घरातलं काही फुटलं की तिच्यावर नाव यायचं, आता इथेही तेच.

लेक : बाबा, झालं ना विचारून? चला आता. उद्या ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी आज पडून राहायला सांगितलंय.

टेलर : पोट फाडून घ्यायला निघालोय आणि पुढे कुठे जायचं तेच ठरलेलं नाही.

लेक : घरी यायचं ठरलंय.

टेलर : ते डॉक्टर बघतील. मी माझं बघतो. बाई, नवा खड्डा नकोच मग. तिच्याच कबरीत ठेवा मला.

अधिकारी : कबर चांगली खोल असेल तर वरिष्ठांना विचारता येईल. आहे का खोल?

टेलर : ...नाही. खाली कातळ लागला. खणणारे म्हणाले, याच्या खाली जाता येत नाही.

अधिकारी : मग नाही जमणार, काका. मला वाईट वाटतं सांगायला.

टेलर : पण हे खूळ काढलं कुणी? इतकी वर्षं ही थडगी उन्हापावसात उभी, कुत्रं विचारत नव्हतं त्यांना.

अधिकारी : म्हणजे काय? तुमच्या मुलीनंच तर अर्ज केला. आमच्या ऑफिसात खेटे घालून घालून मंजूर करून घेतला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

टेलर : हिनं?

लेक : हो. मीच.

टेलर : रोज माझ्यासमोर बसून जेवतेस!

लेक : बाबा, रस्ता रुंद करायचा होता. हा अख्खा कोपरा जाणार होता. म्हणाले, आईची कबर उकरून दुसरीकडे न्या. साध्या कबरीला कायद्यात कोण विचारतंय? जुन्या थडग्यांना विचारतात. म्हणून थडग्यांसाठी अर्ज केला. त्यांच्या आडोशाने आई वाचली. रस्ता पलीकडून गेला.

टेलर : आणि आत पुन्हा खणता येणार नाही, हे?

लेक : माहीत होतं. फादर म्हणालेही, वडिलांशी बोलून घे.

टेलर : मग?

लेक : तुम्ही नको म्हणाला असतात तर?

टेलर : वा गं वा! आईला वाचवलंस आणि बापाला बाहेर ठेवलंस.

लेक : आई इथे होती, बाबा. तुम्ही घरात क्रिकेट बघत होतात.

अधिकारी : मी... जरा तिकडे थांबू का?

टेलर : थांबा हो इथेच. घरचं भांडण आहे, आवरेल. काय गं, उकरणार होते तिला?

लेक : यंत्रानं.

टेलर : झोपेत कुणी हलवलेलं तिला कधी खपायचं नाही.

लेक : म्हणून तर.

टेलर : मला सांगायचं होतंस. चार दिवस आदळआपट केली असती मी. मग तुझ्या सहीखाली माझी सही केली असती.

लेक : तेवढा धीर झाला नाही मला.

टेलर : हं. बाई, कुंपणाला चिकटून तरी?

अधिकारी : चिकटून नाही. पण या पायवाटेच्या अलीकडे आमची हद्द संपते. इथे फादर हो म्हणाले की झालं.

टेलर : म्हणतील. त्यांचे झगे मीच शिवतो. कापड कमी पडलं की बेत बदलायचा, रडत बसायचं नाही. म्हणजे मी इथे, ती तिकडे, आणि मध्ये हे मोठं थडगं. कोण म्हणायचा हा?

अधिकारी : नाव झिजलंय. वैद्य होता. साथीत लोकांची सेवा करताना गेला, एवढं वाचता येतं.

टेलर : भला माणूस दिसतो. चालेल.

लेक : खरंच चालेल, बाबा? मध्ये कुणी असलेलं?

टेलर : शाळेत जायला लागेपर्यंत तू कुठे झोपायचीस?

लेक : तुमच्या दोघांच्या मध्ये.

टेलर : आणि रात्रभर लाथा झाडायचीस. हा तरी गपगुमान पडलाय.

लेक : हात द्या, बाबा. इथे उतार आहे.