खऱ्या वहीत गट्टू, खोट्या वहीत शिडी

...आणि वर मलाच खोटारडा म्हणतात! मला! अहो, बावीस वर्षं मी आमच्या छापखान्याच्या बास्केटबॉल संघाचा गुणलेखक आहे, बावीस वर्षं त्या डुगडुगत्या टेबलाशी बसून एक गुण इकडचा तिकडे झालेला नाही, वाद झाला की पंच माझ्याकडे येतात, पंच! आणि पोटापाण्याचं काम काय, तर प्रूफं तपासणं. चुकलेली वेलांटी दिसली की माझा हात शिवशिवतो. एकदा तापाने फणफणलो होतो, उभं राहवत नव्हतं, तरी दवाखान्याच्या दारावरच्या पाटीतली वेलांटी खिशातल्या पेनाने दुरुस्त केली आणि मगच आत जाऊन झोपलो. असा माणूस! आणि हा माणूस सहा महिने, रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, थोरल्या भावाच्या उशाशी बसून धडधडीत खोटं बोलत होता. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

थांबा, आधी दादाचं सांगतो, नाहीतर तुम्ही लगेच निवाडा कराल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हा संघ त्यानेच उभा केला, प्रशिक्षकही तोच. मोसम संपला की बाकीचे लोक पाय पसरून झोपतात, हा नवे खेळाडू शोधत वणवण हिंडतो. यंदा आमच्याकडे जागा एकच होती, आणि तिच्यासाठी दादाने हेरली होती शिडी. शिडी म्हणजे तो सहा फूट आठ इंची पोरगा हो, दारातून येताना आधी वाकतो, मग आत येतो आणि मग हळूहळू उलगडतो. दादा तीनदा त्याच्या घरी गेला. त्याच्या आईला पटवलं, आजीला पटवलं, भुंकणाऱ्या कुत्र्यालाही पटवलं. चौथ्या खेपेला सही व्हायची होती, त्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशासमोर कोसळला. पक्षाघात! डावी बाजू लुळी.

घरी आणला तो भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. बोलता येत होतं हो, जीभ थोडी जड झाली होती इतकंच, पण बोलेना. डॉक्टर म्हणाले, “शरीराचं आम्ही बघतो, पण यांनी मनावर घ्यायला हवं.” आता मनावर घ्या म्हणून कुणी घेतं का? अकरा दिवस तो भिंत बघत होता, मी त्याची पाठ बघत होतो, आणि वहिनी स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होत्या, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये. मला यायचा की.

आणि त्याच अकरा दिवसांत बँकेच्या संघाने शिडी पळवली! नोकरीच दिली त्याला. आम्ही काय देणार, शाई? नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी आमच्या कर्णधाराने कुठूनसा एक माणूस धरून आणला. गट्टू! पाच फूट सहा इंच, तेही बुटांसकट. बसलेला असला काय आणि उभा असला काय, आपल्याला मान हलवावी लागत नाही. कुठल्याशा हॉस्पिटलात काहीतरी करतो म्हणाला. काय करतो ते मी विचारलं नाही. मला काय करायचंय? मी त्याचं नाव लिहिलं आणि पेनाचं टोपण इतक्या जोरात लावलं की ते चिरलं.

त्याच संध्याकाळी दादाने कूस बदलली. अकरा दिवसांनी! माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “घेतला का?”

मी काय म्हणायला हवं होतं? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? माझ्या तोंडून निघालं, “घेतला.”

आणि तुम्हाला सांगतो, त्याचा चेहरा... एकाच बाजूने हसला, पण काय हसला! म्हणाला, “उशी दे पाठीला.” उठून बसला हो! मी बाहेर आलो तर वहिनी दारातच. “भावजी, हे काय बोलून बसलात?” म्हटलं, “वहिनी, सुटलं तोंडातून.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “सुटलंय ना? मग आता निभवा.”

निभवा म्हणे! बोलायला काय जातंय? पहिला सामना आम्ही एकोणीस गुणांनी हरलो आणि संध्याकाळी दादाच्या उशाशी बारा गुणांनी जिंकलो. शिडीचे सव्वीस! दादा दोन घास जास्त जेवला. दुसरा सामना इथे हरलो, तिथे जिंकलो. पण दादा म्हणजे काय साधं गिऱ्हाईक आहे का? “शिडीचे फाउल किती? दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर का काढलास? गेल्या वेळी तू रिबाउंड नऊ म्हणालास, आज अकरा म्हणतोस.” झाली का पंचाईत! प्रूफं तपासणाऱ्याची चूक काढतो म्हणजे काय? मी दुसऱ्याच दिवशी नवी वही आणली. खऱ्याची निळी, खोट्याची हिरवी. गल्लीच्या कोपऱ्यावर सायकल लावायची, हिरव्या वहीत अख्खा सामना लिहायचा, बेरीज जुळवायची, मग घंटी वाजवायची. खोटं बोलायचं तर निदान बेरीज तरी बरोबर हवी!

आणि वर्तमानपत्र! आमच्या सामन्यांना तिथे दोन ओळी मिळतात, त्याही चपलांच्या जाहिरातीखाली. पण दादा वाचणार ना! म्हणून वहिनी सकाळी कात्री घेऊन बसायच्या आणि तेवढाच तुकडा कापून काढायच्या. दादा त्या भोकातून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “घरात उंदीर झालेत वाटतं. फक्त खेळाचं पान खातात.” मी आपला, “हो ना, औषध घालायला हवं.”

बरं, शिडी आली म्हणून सगळं सुरळीत झालं म्हणता? छे! पाच सामने ओळीने जिंकल्यावर दादा म्हणाला, “मजा नाही रे येत. सगळे चेंडू हाच टाकतोय. एक डावखुरा हवा. टपाल खात्याच्या संघातल्या त्या टपालवाल्याला विचार.” घेतला टपालवाल्याला! माझ्या बापाचं काय जातंय? खरी जागा एकच असली तरी वहीत जागेला काय तोटा? पण टपालवाला घरोघरी पाकिटं वाटेल, चेंडू नाही वाटणार. शिडी हात वर करून उभी, हा बघायला तयार नाही. दोघांचं बोलणं बंद! मी मध्ये पडून समजूत घालतोय, दादा समजूत कशी घालायची ते मला शिकवतोय, आणि दोघंही संघात नाहीत! माझ्या स्वतःच्या वहीत मला राजकारण सहन करावं लागलं. मग मी वैतागून शिडीचा पायच मुरगळला. म्हटलं, बस बाकावर पंधरा दिवस. तर दादा इतका कासावीस झाला की वहिनींनी मला खूण करून बाहेर बोलावलं, “भावजी, तो पाय आत्ताच्या आत्ता बरा करा!” आत गेलो तर दादा म्हणतो, “त्याला सांग, जमिनीवर टॉवेल टाकायचा आणि पायाच्या बोटांनी ओढायचा. दहा वेळा. कंटाळा करायचा नाही.” मी म्हटलं, वा, पडल्या पडल्या ह्याला हे कुठून सुचतं? पण विचारलं नाही. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

इकडे खरा संघ आठांत सहावा, आणि माझा सगळा राग गट्टूवर. शिडी घेतली असती तर! उठता बसता मला तेच. गट्टूच्या डोक्यावरून चेंडू गेला, शिडी असती तर! गट्टू धापा टाकतोय, शिडी असती तर! आणि शिस्त? सरावाची वेळ सकाळी सातची, हे साहेब साडेसातला, घामाघूम होऊन, “सॉरी काका.” काका म्हणे! मी निळ्या वहीत दर सरावाला त्याच्या नावापुढे लाल फुली मारायचो. अठ्ठावन्न फुल्या झाल्या, मोजून सांगतो. दादा मधूनच विचारायचा, “आणि तो दुसरा नवीन रे? गट्टू?” मी म्हणायचो, “बाकावर. तिथेच शोभतो.” दादाच्या ओठाचा कोपरा हलायचा. मला वाटायचं, आजारपणामुळे असेल.

तर शेवटचा सामना. बँकेविरुद्ध. म्हणजे खरीखुरी शिडी समोर, बँकेच्या जर्सीत. मी टेबलाशी पेन्सिलींना टोक काढतोय, सामना सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत, आणि हॉलच्या दारातून कोण येतंय? दादा! चालत! उजव्या हातात काठी, डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर, मागे पाण्याची बाटली घेऊन वहिनी. एक पाऊल... थांबला... दुसरं पाऊल... अहो, माझ्या हातातून पेन्सिल गळून पडली. सहा महिने मी त्याला पलंगावर नाहीतर खुर्चीतच बघत होतो हो! डोळ्यांत पाणी आलं, समोरचं दिसेना, आणि पुढच्याच क्षणी आठवलं, शिडी तिकडे बँकेच्या बाजूला उड्या मारतेय! मी धावलो. “दादा! अरे दादा! हे बघ, घाबरू नकोस, शिडी आज... आज बँकेला उसनी दिलीय! एका दिवसापुरती!”

दादा म्हणाला, “आणि टपालवाला?”

“तो... रजेवर.”

“बरं. मग आज तरी याला खेळव,” म्हणून त्याने डाव्या हाताने, त्या लुळ्या हाताने हो, ज्या खांद्यावर तो हात होता तो खांदा थोपटला. मी बघितलं. बघायला मान खाली घालावी लागली. गट्टू!

गट्टू खाली बघत म्हणाला, “काका, मी हॉस्पिटलात हेच काम करतो. हातपाय गेलेल्यांकडून व्यायाम करून घेतो. नाव नोंदवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, ज्यांनी संघ उभा केला त्या सरांना भेटून यावं. गेलो तर सर उठून बसलेले, म्हणाले, पायाचं काही होईल का? मग रोज सकाळी सहाला जात होतो. सरावाला उशीर व्हायचा, माफ करा.”

म्हणजे अठ्ठावन्न लाल फुल्या! माझा भाऊ तिकडे एकेक पाऊल टाकत होता आणि मी इकडे एकेक फुली मारत होतो!

“आणि मला कुणी सांगितलं नाही?” मी वहिनींकडे वळलो. वहिनी म्हणाल्या, “कसं सांगणार? रोज सकाळी हा खरा निकाल सांगायचा, संध्याकाळी तुम्ही खोटा. पाय दुखला की हे व्यायाम टाळायला बघायचे. मग हा म्हणायचा, सर, अजून दहा वेळा उचला, नाहीतर संध्याकाळी काकांना सांगेन की तुम्हाला सगळं ठाऊक आहे, मग बंद होईल शिडी. की लगेच उचलायचे.”

“मग ती कात्री कशाला चालवत होतात?”

“तुमचा हिरमोड नको म्हणून!”

आणि हा गट्टू, तुम्हाला सांगतो, रोज सकाळी दादाचा पाय हातात धरून ऐकत होता की कालही काकांनी मला बाकावरच बसवलं! सहा महिने! एका शब्दाने बोलला नाही हो. माझ्यासारखा असता तर पाय सोडून निघून गेला असता. मला त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, आभार वगैरे, देवमाणूस आहेस वगैरे, पण तोंडून निघालं, “बुटाची नाडी बांध, पडशील.” त्याला कळलं. हसला.

आम्ही साठ विरुद्ध एकसष्ट असे हरलो. शेवटच्या क्षणी गट्टूने चेंडू टाकला, आणि शिडीने तो असा उडवला, जशी आपण तोंडावरची माशी उडवतो. गट्टूचे चौदा, शिडीचे तेवीस. सगळं निळ्या वहीत आहे, बघून घ्या. दादा माझ्या शेजारी बसून एकेक नोंद तपासत होता. आणि मी मनात म्हटलं, शिडी घेतली असती तर चषक आला असता, यात शंका नाही. जागा एकच होती, गट्टू आलाच नसता. मग पहाटे उठून दादाचा पाय कुणी उचलला असता? शिडीने? ती वाकेपर्यंत सात वाजले असते! देवाची कृपा, की बँकेकडे नोकऱ्या होत्या आणि आमच्याकडे नुसती शाई होती.

संध्याकाळी घरी येऊन बसलो. सहा वाजले. पहिल्यांदाच कुठे जायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. हायसं वाटायला हवं की नाही? चैन पडेना! चहा घेतला, गोड लागेना. आणि सहा वाजून पाच मिनिटांनी फोन. दादा!

“काय रे, आज आला नाहीस? सामना कसा झाला?”

“दादा, तू तिथेच होतास ना? एका गुणाने हरलो!”

“तो झाला खरा,” दादा म्हणाला. “आपला सांग.”

आता काय करता? काढली हिरवी वही. म्हटलं, दादा, आज मोठा निर्णय घेतला, शिडीला बाकावर बसवलं आणि गट्टूला पहिल्यापासून खेळवलं. काय खेळला म्हणून सांगू! एकतीस गुण!

पलीकडून आवाज आला, “एकतीस? थापा मारू नकोस. वीस लिही.”

बावीस वर्षांत माझ्या नोंदीत पहिल्यांदा कुणी गुण कमी केले, आणि तेसुद्धा खोट्या वहीत! पण चूक दाखवली की दुरुस्त करायची, जन्मभर तेच केलंय.

केले वीस.