मिशा फुटेपर्यंत

नव्या यंत्राच्या निधीसाठीच्या अर्जावर लावायचा फोटो काढायला आलेल्या संशोधक मुलीला फोटोवाल्याने स्टुलावर बसवलं. शेजारी उभे वडील तिची उद्याच्या मुलाखतीची तयारी करून घेत होते.

“समितीनं विचारलं, जुनं यंत्र चालतंय ना, तर?”

“चालतंय, बाबा. बॅटरीतल्या भुकटीवर न्यूट्रॉन सोडून आतले अणू कुठे आहेत ते टिपतं. पण बॅटरी तासात चार्ज होते, आणि यंत्राला एक चित्र टिपायला दिवस लागतो.”

“म्हणजे फोटोला बसवलं बाळ, नि फोटोत आल्या मिशा!”

“अगदी! हेच मी चाळीस पानांत लिहिलंय.”

“चाळीस? वाचेपर्यंत समितीला दाढ्या येतील.”

“हसवू नका ना!”

“फोटो पुन्हा हलला,” फोटोवाला म्हणाला. “आणखी एकदा.”

“तिसऱ्यांदा? अहो, कॅमेरा चालतोय ना?”

“चालतोय हो, काका! ताई, त्या चाळीस पानांची एक प्रत मिळेल? नव्या कॅमेऱ्यासाठी बायकोला दाखवायचीय.”