डावीकडचे दाते

नवरा : बंद कर! आधी मशीन बंद कर.

बायको : का? निम्मी फांदी कापून झालीये.

नवरा : भुसा बघ खाली. मघाशी ढलप्या उडत होत्या, आता नुसतं पीठ पडतंय. छपराचा खिळा लागला करवतीच्या चेनला. धार गेली.

सासरे : काय झालं रे? थांबलात का?

नवरा : काही नाही बाबा, चेनला जरा धार लावतो. फांदीखाली पाय फार दुखतायत का?

सासरे : मघाशी दुखत होते. आता काहीच कळत नाही. एवढं मोठं घर, आणि वादळात पडलेल्या झाडाला नेमका माझाच पलंग सापडला.

बायको : बाबा, हलू नका. तुम्ही हललात की वर करकरतं.

नवरा : कानस दे इकडे. मी लावतो.

बायको : कशानं लावणार? उजवं मनगट मोडून कसं लोंबतंय ते बघा. डाव्या हातानं तुम्हाला शर्टाचं बटण लागत नाही. मला सांगा, मी लावते.

नवरा : मग बाहेर अंगणात जाऊन लाव. त्या भिंतीची चीर बघितलीस? मघाशी बोट जात नव्हतं, आता हात जाईल. सगळा बुंधा तिच्यावर तोललाय.

बायको : बघितली. पण एकदा बाहेर गेले तर परत आत यायला माझे पाय उचलायचे नाहीत. इथेच सांगा.

नवरा : हातमोजे घाल, चेन तापलीय. ही गोल कानस दात्याच्या खाचेत बसव. दात्यावर तिरकी रेघ आहे ना, तिच्या सरळीत. पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. मागेपुढे घासायची नाही.

बायको : अशी?

नवरा : कानस जरा खाली झुकतेय तुझी.

बायको : आता? कानस सरळ जातेय ना?

नवरा : जातेय. सगळ्या दात्यांना सारखेच हात मार. एक सोडून एक घे. मधले उलट्या तोंडाचे आहेत, ते नंतर दुसऱ्या बाजूनं.

सासरे : सूनबाई, हा झाडं तोडून आला की रोज संध्याकाळी धार लावायचा, तेव्हा या आवाजाला तू दार लावून घ्यायचीस ना गं?

बायको : घ्यायचे. वाटायचं, ही करवत एक दिवस यांनाच खाणार.

नवरा : श्श! ऐकलंत?

बायको : माती पडली.

नवरा : माती नाही, वीट होती. बंबवाले एव्हाना यायला हवे होते.

बायको : रस्ताभर झाडं आडवी पडलीत, उडत येणार का ते? बोलू नका, दाता चुकतो माझा.

सासरे : पोरांनो, ऐका माझं. बाहेर जा दोघं. माझं सगळं बघून झालंय. म्हाताऱ्यापायी तुम्ही कशाला...

बायको : बाबा, दुसरं काहीतरी बोला.

सासरे : दुसरं काय बोलू?

बायको : काहीही. मला नावं ठेवा. पण बोलत राहा.

सासरे : तुझा चहा पुचाट असतो.

बायको : बरं. आणखी?

सासरे : आणखी... भाजीत तू...

नवरा : बाबा? बाबा! अगं, बोलत नाहीयेत ते. बस झालं, चालू कर मशीन!

बायको : डावीकडचे दाते राहिलेत.

नवरा : खड्ड्यात गेले डावीकडचे!

बायको : एका बाजूला धार आणि दुसरी बोथट, तर करवत वाकडी जाते नि अडकते. हेच सांगत हाताखालच्या पोरांवर ओरडता ना? अडकली तर दुसरी चेन आहे घरात?

नवरा : नाही.

बायको : मग त्यांची नाडी बघा, आणि मला घासू द्या.

नवरा : नाडी लागतेय. हात गार पडलाय. लवकर कर गं, पाया पडतो तुझ्या.

बायको : हा शेवटचा. झालं. आता?

नवरा : चेन ओढून बघ. लोंबायला नको, पण हातानं फिरली पाहिजे.

बायको : फिरतेय.

नवरा : आता खालून वर काप. वरून गेलीस तर कापलेली खाच मिटेल आणि फांदी पातं धरून ठेवील. पात्याचं टोक कशाला टेकवू नकोस, मशीन उसळून तोंडावर येतं. फांदी तुटली की मी बाबांना ओढतो. तू मागे न बघता दार गाठ.

बायको : तुम्ही दोघं आत असताना?

नवरा : दार गाठ म्हणतो ना!

(मशीन सुरू होते. त्याच्या घरघराटात बाकी सगळं बुडून जातं. मग काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज.)

बायको : कुठे आहात? अहो! धुळीत दिसत नाहीये काही!

नवरा : इथे, अंगणात, विहिरीपाशी. दोघंही आहोत. भिंत गेली सगळी.

बायको : बाबा?

नवरा : श्वास चाललाय. डोळे उघडतायत बघ.

सासरे : कोण ओरडतंय एवढं?

बायको : मीच ओरडतेय, बाबा.

सासरे : पाय ठणकतोय गं फार.

नवरा : ठणकू दे. ठणकतोय ते बरंय. अगं, तू खाली बस आधी. आणि ते मशीन ठेव.

बायको : ठेवते.

नवरा : ठेव ना. बंद आहे ते आता.

बायको : बोटं उघडत नाहीयेत. तुम्ही एकेक सोडवा.