टाकीमागचा म्हातारा

समुद्राचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. मी अन् नामदेव नागपुरात सदरच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढत होतो. साहेबांनी आम्हाले मुंबईचं नवं मत्स्यालय पाहाले धाडलं.

आत खिडकी एकही नव्हती. लांब अंधारा बोळ, अन् उजेड यायचा तो फक्त पाण्याच्या टाक्यांमधून. शेवटच्या टाकीत माशांच्या पल्याड एक म्हातारा दिसला. आमच्याकडे पाहून हात हलवून राहिला होता.

"हा कोण गा?" नामदेवानं विचारलं.

"माशांना खायले टाकणारा असंल. मागून वाट ठेवली दिसते. चाल, तेच पाहू."

दारावरच्या पहारेकऱ्याले विचारलं, तर तो म्हणाला, "बाकीच्या टाक्यांमागे वाट आहे, साहेब. शेवटच्या टाकीमागे भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे समुद्र."

आम्ही परत जाऊन पाहिलं. नुसते मासे होते.

नागपूरच्या गाडीत बसल्यावर नामदेव हळूच म्हणाला, "तो आपल्याले बोलावून राहिला होता का गा?"

पहारेकऱ्याकडे जायले निघताना मी त्या म्हाताऱ्याले 'येतो' अशी खूण केली होती.